स्वयंचलित रायफलला खाचांची बॅरल घ्यावी का?

गडचिरोली जिल्ह्यातील एका तरुणाने विचारलेला प्रश्न असा आहे. तो नुकताच पोलीस प्रशिक्षणात दाखल झाला आहे. काही परदेशी रायफलींच्या बॅरलवर बाहेरच्या अंगाने लांबट खाचा पाडलेल्या त्याने पाहिल्या. त्याचा एक मित्र म्हणतो की बुलेट मोटारसायकलच्या इंजिनावर जशी पाती असतात तशाच या खाचा असून त्यांच्यामुळे बॅरल लवकर थंड होते. दुसरा म्हणतो की हा निव्वळ दिखावा आहे. स्वयंचलित रायफलवर अशी बॅरल खरोखर उपयोगाची असेल तर आपल्याकडच्या रायफलींवर ती का दिसत नाही, हा त्याचा मुख्य प्रश्न. आणि काकांच्या पीक संरक्षण परवान्यावरील .३१५ रायफलला अशा खाचा पाडून घ्याव्यात का, हा जोडप्रश्न. मी सैन्याच्या वर्कशॉपमध्ये आर्मोरर, म्हणजे हत्यारांची दुरुस्ती-देखभाल करणारा, म्हणून नोकरी केली असून आता यवतमाळ जिल्ह्यातील गावी शेती पाहतो. त्यामुळे पुढे जे लिहीत आहे ते हत्यार खोलून, पुसून, मोजून पाहणाऱ्याच्या बाजूने आहे. हत्यार विकणाऱ्याच्या बाजूने नाही.

प्रश्न एकच दिसत असला तरी त्यात तीन वेगवेगळे दावे एकमेकांत गुंतलेले आहेत. खाचांमुळे बॅरल हलकी होते, खाचांमुळे ती अधिक ताठ होते, आणि खाचांमुळे ती लवकर थंड होते, असे तीन फायदे एका दमात सांगितले जातात. यातील पहिला दावा निखालस खरा आहे, दुसरा अर्धा खरा आहे, आणि तिसरा कोणत्या प्रकारे गोळीबार होतो यावर पूर्णपणे अवलंबून आहे. रायफल एकेक गोळी झाडणारी आहे की घोडा दाबून धरला की झाडतच राहणारी आहे, यावरून उत्तर जवळजवळ उलटते. म्हणून प्रश्नातील ‘स्वयंचलित’ हा शब्द मी सर्वांत महत्त्वाचा मानतो.

एक गैरसमज आधीच दूर करतो. एमपी-५ किंवा जर्मन जी-३ या हत्यारांच्या चेंबरच्या, म्हणजे बॅरलच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या जागेच्या, आतल्या भिंतीवरही बारीक लांबट खाचा असतात. त्यांचे काम वेगळे आहे: दाबाखालचा वायू त्यांतून काडतुसाच्या पितळी कवचाभोवती शिरतो आणि कवच चेंबरला चिकटून न बसता सुटून बाहेर येते. त्यांचा थंड होण्याशी काही संबंध नाही. आपण येथे फक्त बॅरलच्या बाहेरील खाचांविषयी बोलत आहोत.

आता उष्णतेचा हिशेब करू. ५.५६ मिलिमीटरच्या एका काडतुसात साधारण पावणेदोन ग्रॅम दारू असते आणि ती जळताना सहा-सात किलोज्यूल ऊर्जा मोकळी होते. त्यातील पावणेदोन किलोज्यूलच्या आसपास ऊर्जा गोळीला वेग देण्यात खर्च होते, बरीचशी तोंडातून सुटणाऱ्या तप्त वायूबरोबर निघून जाते, आणि ढोबळमानाने एक किलोज्यूल बॅरलच्या पोलादात मुरते. एक किलो पोलाद एक अंश तापवायला अर्धा किलोज्यूल लागतो. म्हणजे बॅरल एक किलो वजनाची धरली तर प्रत्येक गोळीमागे तिचे सरासरी तापमान दोन अंशांनी वाढते. प्रत्यक्षात चेंबरपुढचा भाग सर्वाधिक तापतो आणि तोंडाकडचा कमी, परंतु दोन बॅरलींची तुलना करण्यासाठी सरासरी पुरेशी आहे.

चार मॅगझिन, म्हणजे १२० गोळ्या, एका मिनिटाच्या आत झाडल्या असे समजू. बॅरलमध्ये १२० किलोज्यूल उष्णता आली आणि तिचे तापमान सुमारे २४० अंशांनी चढले. या एका मिनिटात बॅरलने हवेत किती उष्णता टाकली? तेवढ्या आकाराच्या नळीचा बाहेरील पृष्ठभाग साधारण अडीचशे ते तीनशे चौरस सेंटिमीटर असतो, आणि तापमान चढत असताना वारा व उष्णतेचे प्रारण मिळून तो सरासरी ७० वॅटच्या आसपास उष्णता बाहेर टाकतो. मिनिटभरात चार, फार तर पाच किलोज्यूल. एकशेवीस आत आले आणि पाच बाहेर गेले. मिनिटाला सहाशे गोळ्यांच्या वेगाने सलग झाडताना तर दर सेकंदाला दहा किलोज्यूल आत येत असतात, म्हणजे दहा किलोवॅट, आणि बाहेर जाण्याची वाट मात्र वॅटांमध्ये मोजावी लागते.

याच हिशेबात आता खाचा घालून पाहू. २२ मिलिमीटर जाडीच्या बॅरलवर पाच मिलिमीटर रुंद आणि दोन मिलिमीटर खोल अशा सहा खाचा पाडल्या, तर त्या भागातील सुमारे १४ टक्के पोलाद निघून जाते आणि पृष्ठभाग सुमारे १७ टक्क्यांनी वाढतो. अशा खाचा २५ सेंटिमीटर लांबीवर असतील तर वजनात शंभर ग्रॅमची घट होते. पृष्ठभाग वाढल्याचा लाभ सढळ हाताने मोजला तरी त्या मिनिटात बाहेर जाणारी उष्णता एक किलोज्यूलनेही वाढत नाही. म्हणजे तापमानात दोन अंशांपेक्षा कमी फरक. पण शंभर ग्रॅम पोलाद गेल्यामुळे तीच १२० किलोज्यूल उष्णता नऊशे ग्रॅमवर वाटली जाते आणि तापमान २४० ऐवजी २६५ अंशांच्या पुढे चढते. दोन अंश कमावण्यासाठी पंचवीस अंश गमावले. त्यातही खाचेच्या दोन भिंती एकमेकींकडेच उष्णता फेकत असल्यामुळे प्रारणातील लाभ वाढलेल्या पृष्ठभागाच्या प्रमाणात मिळत नाही. शिवाय अनेक रायफलींवर बॅरलचा बराचसा भाग हँडगार्डने, म्हणजे हाताला चटका बसू नये म्हणून असलेल्या आवरणाने, झाकलेला असतो आणि तिथे वारा फिरकतच नाही.

बुलेटच्या इंजिनाची उपमा येथेच फसते. त्या सिलिंडरवरची पाती अॅल्युमिनियमची, पातळ आणि कित्येक पटींनी खोल असतात. त्यामुळे पृष्ठभाग काही टक्क्यांनी नव्हे तर अनेक पटींनी वाढतो, आणि गाडी धावत असल्यामुळे वारा सतत मिळतो. तरीही ती गाडी भर उन्हात उभी करून इंजिन चालू ठेवले तर काय होते ते कुणाही मेकॅनिकला विचारावे. बॅरलवरच्या दोन मिलिमीटरच्या खाचांना त्या पात्यांच्या पंक्तीला बसवणे बरोबर नाही.

मग खाचांची बॅरल लवकर निवते हे म्हणणे सर्वस्वी खोटे आहे का? तसे नाही. गोळीबार थांबल्यानंतर ती थोडी लवकर निवते हे खरे आहे, कारण निववायचे पोलाद कमी आहे आणि पृष्ठभाग जास्त आहे. रेंजवर पाच-दहा गोळ्यांचा एक ग्रुप घ्यायचा, मग थांबायचे, मग पुढचा ग्रुप घ्यायचा, अशी पद्धत असेल तर हा फरक जाणवतो. मिनिटाला दहा-पंधरा गोळ्या एकेक करून बराच वेळ झाडायच्या असतील, तरीही काही लाभ मिळतो, कारण तेव्हा आत येणारी आणि बाहेर जाणारी उष्णता एकमेकींच्या जवळपास येतात. म्हणजे सावकाश गोळीबारात पृष्ठभाग महत्त्वाचा ठरतो आणि जलद गोळीबारात वस्तुमान. स्वयंचलित मारा हा दुसऱ्या गटातला आहे. विदर्भापुरती आणखी एक गोष्ट: मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या पुढे असतो आणि उन्हात ठेवलेले काळे पोलाद गोळी झाडण्याआधीच हाताला चटका देते, अशा हवेत निवण्याची गती सगळ्याच बॅरलींची मंदावते, खाचा असोत वा नसोत.

हा सगळा कागदी हिशेब वाटू नये म्हणून इतिहासातील एक पडताळा देतो. ब्रिटिश काळात भारतीय पलटणींकडे असलेल्या व्हिकर्स मशीनगनच्या बॅरलभोवती सुमारे चार लिटर पाण्याचे आवरण असे, आणि साधारण ६०० गोळ्यांनंतर ते पाणी उकळू लागे. चार लिटर पाणी पंचवीस अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला साडेबाराशे किलोज्यूल लागतात. भागाकार केला तर गोळीमागे दोन किलोज्यूल येतात. व्हिकर्सचे .३०३ चे काडतूस ५.५६ पेक्षा बरेच मोठे आहे हे लक्षात घेता, लहान काडतुसासाठी मी धरलेला एक किलोज्यूलचा अंदाज योग्य टप्प्यातला आहे.

इतिहासाकडे वळलोच आहोत तर खाचांची आणि पात्यांची कहाणीही पाहण्यासारखी आहे, कारण हा विचार नवा नाही. पहिल्या महायुद्धातील लुईस गनच्या बॅरलभोवती अॅल्युमिनियमच्या लांबट पात्यांचा गाभा आणि त्यावर नळकांडे असे, आणि तोंडातून सुटणाऱ्या वायूच्या ओढीने त्यातून हवा खेचली जाई. विमानावर हीच गन बसवताना ते आवरण काढून टाकले गेले. चेकोस्लोव्हाकियाच्या झेडबी-२६ मशीनगनच्या बॅरलवर आडव्या पात्या होत्या. तिच्यापासून ब्रेन गन तयार झाली तेव्हा त्या गेल्या आणि बॅरल गुळगुळीत झाली. ७.६२ मिलिमीटरमध्ये बदललेली तीच ब्रेन आपल्या सैन्याने पुढे कितीतरी वर्षे वापरली. थॉम्सन सबमशीनगनच्या सुरुवातीच्या बॅरलवर आडव्या पात्या होत्या. दुसऱ्या महायुद्धात उत्पादन सोपे करताना त्या काढल्या. सोव्हिएत संघाच्या १९६१ च्या पीके मशीनगनची बॅरल लांबट खाचांची होती. १९६९ च्या सुधारित पीकेएममध्ये ती साधी आणि हलकी झाली. उलट उदाहरणही सांगितले पाहिजे: त्याच देशाच्या एसजी-४३ या मशीनगनची बॅरल मुळात गुळगुळीत होती आणि सुधारित एसजीएममध्ये तिच्यावर लांबट खाचा आल्या. पण तीही जड, भरपूर पोलादाची आणि बदलता येणारी बॅरल होती. उष्णतेचा प्रश्न खरोखर ज्यांनी सोडवला त्यांनी तो पाण्याने, जाड पोलादाने, किंवा तापलेली बॅरल काढून दुसरी चढवण्याच्या सोयीने सोडवला. अमेरिकी सैन्याने एम-४ रायफलीचे रूपांतर पूर्ण स्वयंचलित एम-४ए१ मध्ये केले तेव्हाही बॅरलला खाचा न पाडता ती अधिक जाड केली, हे मला फार बोलके वाटते.

ताठपणाच्या दाव्याविषयी. एकाच बाहेरील जाडीच्या दोन बॅरलींपैकी खाचांची बॅरल नेहमीच कमी ताठ असते. पोलाद काढून ताठपणा वाढत नाही. वर घेतलेल्या २२ मिलिमीटरच्या उदाहरणात खाचांमुळे ताठपणा सुमारे २२ टक्क्यांनी घटतो. दावा खरा ठरतो तो वेगळ्या तुलनेत: तेवढ्याच वजनाची साधी बॅरल साडेवीस मिलिमीटर जाडीची होईल, आणि तिच्यापेक्षा खाचांची बॅरल अधिक ताठ असेल. पण किती? माझ्या हिशेबाने अवघी चार टक्के. खाचा अधिक खोल घेतल्या तर हा आकडा थोडा वाढतो, परंतु खाचेच्या तळापासून बोअरपर्यंतची, म्हणजे गोळी जाते त्या आतल्या पोकळीपर्यंतची, भिंत पातळ होते आणि तिथे हात आखडता घ्यावाच लागतो. चार टक्क्यांसाठी कारखान्यात आणखी एक मशीन, आणखी एक कामगार आणि आणखी एक तपासणी वाढवावी का, याचे उत्तर लाखभर रायफली बनवणारा कारखाना ‘नाही’ असेच देणार. आपल्याकडच्या एसएलआर, इन्सास आणि उत्तर प्रदेशातील कोरवा येथे बनणारी एके-२०३ या रायफलींच्या बॅरल साध्या का आहेत, याचे मोठे कारण मला हेच वाटते.

आता जे पुस्तकात कमी आणि आर्मोररच्या टेबलावर जास्त दिसते ते सांगतो. सर्व खाचा एकसारख्या खोल आणि समान अंतरावर असल्या पाहिजेत. एका बाजूला थोडे जास्त पोलाद राहिले तर थंड असताना बॅरल सरळ दिसते, पण तापली की असमान ताणाने किंचित वाकते आणि गोळ्यांचा मारा एका बाजूला सरकत जातो. हा दोष पाच गोळ्यांत दिसणार नाही. दुसरी-तिसरी मॅगझिन संपताना दिसेल, म्हणजे नेमका स्वयंचलित वापरातच. दुसरे असे की, रायफलिंग, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या पिळदार खाचा, ‘बटन’ नावाचे कडक अवजार बोअरमधून दाबून नेऊन केलेल्या बॅरलच्या पोलादात ताण साठलेले असतात. नंतर बाहेरून खाचा कापल्या की ते मोकळे होतात आणि बोअर त्या भागात किंचित सैल होऊ शकतो. तपासण्याची जुनी रीत सोपी आहे: घट्ट बसणारी चिंदी रॉडवर चढवून चेंबरकडून तोंडापर्यंत एकाच वेगाने ढकलावी. जिथे हाताला विरोध एकदम कमी लागतो तिथे बोअर सैल आहे. चांगला कारीगर ताण काढण्यासाठी बॅरलवर उष्णतेची प्रक्रिया करतो आणि क्रमही सांभाळतो. म्हणून मूळ कारखान्यातून खाचांसह आलेली बॅरल आणि नंतर कुणाकडून पाडून घेतलेल्या खाचा यांत मी फार फरक करतो.

आणि चिखल. आपल्याकडच्या काळ्या मातीत पावसाळ्यात आडवे होऊन रायफल चालवली की ती माती खाचेत अशी भरते की नुसत्या फडक्याने निघत नाही. वरून वाळून ती दगडासारखी होते, तिच्याखाली ओल टिकते, आणि दोन दिवसांनी काडीने खरवडून काढल्यावर खाचेच्या तळाशी तांबूस गंजाची बारीक रेघ दिसते. हे काही हत्यार बाद करणारे नुकसान नाही. पण साध्या बॅरलवरून तेलाचे फडके दोनदा फिरवले की काम संपते, आणि खाचांच्या बॅरलला दात घासायचा ब्रश घेऊन बसावे लागते; जंगलातून रात्री परतलेला जवान ते रोज करीलच असे मी गृहीत धरणार नाही.

एवढे सारे सांगूनही खाचांची बॅरल निरुपयोगी आहे असे माझे मत नाही. वजन हा खरा लाभ आहे, आणि तो रायफलच्या पुढच्या टोकाकडचा असल्यामुळे हाताला आकड्यापेक्षा जास्त जाणवतो. दिवसभर डोंगर-जंगल चालून मग लांब पल्ल्यावर नेमक्या थोड्या गोळ्या झाडायच्या असतील, तर जाड बॅरलवर काळजीपूर्वक पाडलेल्या खाचा ही समजूतदार तडजोड आहे. एकेक गोळी झाडणाऱ्या नेमबाजाच्या रायफलवर मी तिला हरकत घेणार नाही. ज्या रायफलीतून कधीतरी नाइलाजाने सलग चार-पाच मॅगझिन रिकाम्या कराव्या लागतील, तिच्यावरचे शंभर ग्रॅम पोलाद मात्र मी काढू देणार नाही. बॅरल अति तापली की चेंबरमध्ये थांबलेले काडतूस घोडा न दाबताही पेटू शकते, चेंबरपुढील रायफलिंग झपाट्याने झिजते, आणि पोलादाची ताकद उतरू लागते. या तिन्ही गोष्टींना लांब ठेवणारे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे तेच पोलाद. त्याहून स्वस्त साधन एकच, ते म्हणजे घोड्यावरची शिस्त. मूळ इन्सासमध्ये सलग माऱ्याऐवजी तीन गोळ्यांचा बर्स्ट ठेवला होता. त्या रायफलीविषयी तक्रारी अनेक ऐकल्या, तरी निदान बॅरलच्या दृष्टीने तो निर्णय मला पटत आला आहे.

प्रशिक्षणार्थी म्हणून तुम्हाला बॅरल निवडण्याची मुभा नसेल. जी मिळेल तिच्यावर काम करावे लागेल. खाचांची मिळाली तर तिला जास्त मारा झेपेल असे समजून तिच्यावर अधिक भार टाकू नये, आणि झिरोइंग (नेम जुळवणे) थंड बॅरलवर करून झाल्यावर एकदा तापलेल्या बॅरलवर गोळ्यांचा ग्रुप कुठे सरकतो ते पाहून लिहून ठेवावे.

राहिला काकांचा प्रश्न. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार स्वयंचलित हत्यार हे प्रतिबंधित शस्त्रांत मोडते, त्यामुळे घरी असणारी .३१५ ही बोल्ट ओढून एकेक गोळी झाडणारी रायफल आहे आणि वरचा उष्णतेचा बहुतेक हिशेब तिला लागूच होत नाही. शेतावर रात्री एखाददुसरा बार काढण्याने ती तापणार नाही. खाचांचा लाभ झालाच तर वजनापुरता. पण शस्त्रावर असे काम करण्यासाठी कारीगराकडेही परवाना लागतो, आणि तालुक्याच्या गावातील लेथवाला कितीही हुशार असला तरी बोअरच्या भिंतीची जाडी, पोलादाचा प्रकार आणि त्यातील ताण त्याला ठाऊक नसतात. रायफल त्याच्याकडे नेऊ नये. काकांना ती खांद्यावर जड वाटत असेल, तर दोन इंच रुंदीचा चामडी पट्टा लावून द्यावा.